मंडईसाठी बांधलेलं घर

आमचं मोठं घर आम्ही स्वतःला राहायला बांधलंच नव्हतं. ते बांधलं मंडईच्या पाहुण्यांसाठी. वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही दोघं त्यात आपले राहून घेत होतो, इतकंच. आज हे मी हसून सांगते, पण ते घर सोडायचं ठरवलं तेव्हा घरात जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आज या गावची, परवा त्या गावची. दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्रभर नाटक चालतं. पण खरी मंडई भरते ती घरांत. लेकी-जावई, आत्या, मावश्या, सोयरे आणि सोयऱ्यांचे सोयरे, सगळे मुक्कामाला येतात, आणि पोरापोरींची लग्नं जुळतात तीही याच दिवसांत. त्यामुळे आमच्याकडे घर बांधणारा माणूस घरात राहणार किती, हे बघत नाही. मंडईला येणार किती, ते बघतो. मग वर्षभर बायको त्या रिकाम्या खोल्या झाडत बसते.

लग्नानंतर आम्ही लाखनीला भाड्याने राहायला आलो. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते आणि आमचे हे हायस्कुलात क्लार्क. हायवेच्या मागच्या बोळीत आम्हाला एक खोली मिळाली, पुढे चुलीपुरती पडवी. ट्रक गेला की फळीवरचे डबे वाजायचे. ह्यांना त्या खोलीची लाज वाटायची. मला मात्र ती आवडायची. बसल्या जागेवरून भाकरी उलटता यायची आणि बसल्या जागेवरूनच ह्यांच्याशी भांडता यायचं.

ह्यांची थोरली बहीण एकोडीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच ह्यांना वाढवलं. आम्ही तिला बाई म्हणतो. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी बाई मंडईला आमच्याकडे आली, दोन लेकरं, एक थैली आणि नव्या तांदळाची पुरचुंडी घेऊन. मागोमाग ह्यांचे दोन चुलतभाऊ टपकले. एवढी माणसं बघून घरमालक अंगणातूनच ओरडला, "खोली दोघाईले देल्ली होती, वरातीले नाई!"

मला आठवा महिना होता. तरी मी उठले, सतरंजी अंथरली आणि बाईला म्हटलं, "तुमी आडव्या व्हा. मले काई झोप येत नाई, मी अशीच टेकून बसतो." दिवेलागणीला तिने थैली उचलली. गाय व्यायला झाली आहे म्हणाली आणि लेकरांना घेऊन एस.टी. स्टँडकडे निघाली. हे तिला बसवून आले आणि जेवलेच नाहीत.

"माही बाई माह्या दारातून परत गेली," भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "आता असं घर बांधीन का मंडईले कितीही माणसं येवो, कोनाले उठून जा लागनार नाई."

माणूस शब्दाचा पक्का. दोघांची कमाई त्या घरात ओतली. आधी खालच्या चार खोल्या झाल्या. मग वर दोन. वरच्यांना घरात नावच पडलं, मंडईच्या खोल्या. पहिल्या वर्षी बाई आली तेव्हा हे तिला हाताला धरून वर घेऊन गेले, पंखा लावून दाखवला, पलंगावर बसवलं. बाई रात्र राहिली आणि सकाळी पहिल्या गाडीने एकोडीला निघून गेली.

दर वर्षी हेच. कितीही आग्रह करा, बाईचा मुक्काम एका रात्रीचा. ह्यांच्या मनाने घेतलं की बाईच्या मनातून ती जुनी गोष्ट जात नाही. मग पुढच्या मंडईपर्यंत घरात काहीतरी नवं व्हायचं. एका वर्षी वरच संडास-बाथरूम झालं. एका वर्षी गच्चीवर पत्र्याचं शेड आलं. एका वर्षी तिसरी खोली चढवली, खिडकी मुद्दाम तलावाच्या बाजूने काढली, बाईला हवा लागावी म्हणून. बाईने खिडकी पाहिली, छान आहे म्हणाली आणि सकाळी पहिल्या गाडीने गेली.

मुलगा शिकला, नागपूरला नोकरीला लागला. आम्ही दोघंही निवृत्त झालो. आता सात खोल्या आणि दोन माणसं. माझे गुडघे गेले. वरच्या खोल्यांत कबुतरांनी संसार मांडला आणि दिवाळी आली की मी दांडक्याने तो मोडायला वर चढायची. मुलगा म्हणायचा, "आई, नागपूरला या. लिफ्ट आहे." सहाव्या मजल्यावरच्या त्या घरी मी चार दिवस राहून पाहिलं. दार लावलं की आपण आणि टीव्ही. मी त्याला स्पष्ट सांगितलं की आजारी पडले तर येईन, धडधाकट असेपर्यंत बोलावू नकोस. तो रागावला. रागावू दे म्हटलं.

मला लहान घर हवं होतं, पण माझ्या लाखनीत हवं होतं. ह्यांच्याकडे विषय काढला की उत्तर ठरलेलं: "यंदाची मंडई होऊ दे, मंग पाहू." मंडई व्हायची आणि पाहायचं राहायचं. अशा किती मंडया गेल्या.

मग एका दिवाळीच्या आधी, दुपारी, पाहुण्यांची गादी उन्हात टाकायला खाली आणत होते. जिन्यात पाय सटकला. गादीवरच पडले म्हणून हाडं वाचली, पण मधल्या वळणावर अशी अडकून बसले की उठता येईना. हाका मारल्या. हे मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, वालाच्या वेलांना मांडव घालत होते. मी ओरडत होते आणि सात खोल्यांतून माझा आवाज मागच्या अंगणापर्यंत पोचत नव्हता. शेवटी चहाची वेळ झाली म्हणून हे आत आले, तेव्हा मी सापडले.

मी आयुष्यभर दुसऱ्यांची बाळंतपणं केली, दुखण्यांना घाबरणारी बाई नाही. पण त्या वळणावर मी घाबरले आणि नंतर मला भयंकर राग आला. हाक ऐकू न येणाऱ्या घरात मी म्हातारी होणार नाही, असं मी तिथेच गादीवर बसून ठरवलं. ह्यांना म्हटलं, "पुढच्या सालची मंडई नव्या घरात. तुमाले यायचं तं या."

घर मीच शोधलं. आमच्या जुन्या बोळीच्या पलीकडेच निघालं. दोन खोल्या, पुढे सपरी म्हणजे बसायची ओसरी, मागे भाजीपुरतं आवार. रस्त्यापासून मोरीपर्यंत एकही पायरी नाही. मी मुद्दाम डोळे मिटून चालून पाहिलं. मोठ्या घराला गिऱ्हाईकही मीच आणलं, तीन भाऊ एकत्र राहणारे. त्यांच्या बायका खोल्या बघून एकमेकींकडे पाहून हसल्या, तेव्हाच कळलं की घराला माणसं मिळाली. हे सह्या करायला आले, पण घरी येऊन एवढंच बोलले.

"बाईले तूच सांग. अन् मंडईले बाई सांजेले परत गेली, तं ते तुह्यावर."

हे मला लागलं. या माणसाने बहिणीसाठी घर बांधलं होतं आणि मी ते माझ्या गुडघ्यांसाठी विकलं होतं. बाई आली नाही, किंवा येऊन उठून गेली, तर हे मला बोलणार नाहीत, पण मनातून कधीच माफ करणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मागे फिरायचं नव्हतं. साकोलीला गाडी बदलून एकोडीला गेले.

बाई सपरीत सुपात तांदूळ निवडत होती. ऐंशीच्या घरातली, पण डोळे शाबूत. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाई, आमी घर इकलं. माह्याच्यानं पायऱ्या होत नाई."

बाईचा हात सुपात थांबला. "मंग मंडईले?"

"तुमाले यायचंच आहे. जागा मी करीन."

"पाहू," बाई म्हणाली आणि पुन्हा खडे काढू लागली. येईन म्हणाली नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीतून कापायला आलेलं धान बघत होते आणि सगळा वेळ मनात तेच चाललं होतं.

मंडई आली. सवयीने अर्धे पाहुणे आधी मोठ्या घरी गेले. तिथल्या बायकांनी त्यांना पाणी पाजलं आणि आमच्या बोळीत पाठवलं. मी मागच्या आवारात मांडव घातला होता, खाली धानाचं तणस, वर सतरंज्या. शेजारणीने तिची सपरी देऊ केली. दुपारपर्यंत घर भरलं, पोरं दारातून आत आणि खिडकीतून बाहेर जाऊ लागली. संध्याकाळी सगळी तरुण मंडळी नाटकाच्या मंडपात जागा धरायला पळाली, सकाळशिवाय परत न येण्यासाठी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या रात्री गावात कोणी झोपत नाही, त्या एका रात्रीसाठी आम्ही सात खोल्यांत गाद्या घालून ठेवत होतो.

बाई दुपारीच आली होती, हातात थैली आणि उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी. तिने दोन्ही खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, मागचा मांडव पाहिला. हे तिच्या मागे मागे फिरत होते. दिवेलागण झाली आणि बाईने कोपऱ्यातली थैली उचलली. ह्यांचा चेहरा उतरला. माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

बाई थैली घेऊन आतल्या खोलीत गेली, ती माझ्या खाटेखाली सरकवली आणि विचारलं, "मी इथी खाली निजतो. तू कुठी निजशीन?"

माझ्या जिवात जीव आला. पाहुणीला खाली कसं निजवायचं? मी चटकन म्हटलं, "खाटेवर तुमी निजा. मले काई झोप येत नाई. मी अशीच टेकून बसतो."

बाई अशी भडकली की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

"तवाही असंच म्हनलं होतं तुनं! आठवा महिना, पाय सुजलेले, अन् म्हने टेकून बसतो! मी राहिली असती तं तू रातभर भिंतीले टेकून बसली असतीस. म्हनून उठून गेली मी!"

हे दारात उभे होते. "बाई, तू घरमालकाच्या बोलन्यानं गेली नव्हतीस?"

"त्याले कोन भिते? त्याले त मी दोन गोष्टी सुनावून आली जाता जाता."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तुनं इचारलं कधी? घर बांधत सुटला! वरतं एकटीले नेऊन निजवे मले. खाली तू खोकलला का, लेकरू रडलं का, काई आयकू येत नव्हतं. रातभर डोळा लागे नाई. कवा सकाळ होते अन् कवा गाडी येते, असं होऊन जाये."

हे खाटेच्या काठावर बसले. पंखा, संडास-बाथरूम, तलावाकडची खिडकी, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसत होतं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, शेवटी रडूच आलं. कारण एवढी वर्षं हे ज्या गोष्टीने जळत होते ती घडलीच नव्हती, आणि मी नर्स असून तेव्हा माझे सुजलेले पाय बाईनेच पाहिले होते. बाईने पदराने आधी भावाचे डोळे पुसले, मग माझे, आणि शिंगाडे सोलायला बसवलं.

रात्री खाटेवर कोणीच निजलं नाही. तिघांनी खाली एकाच रांगेत अंथरलं. "आंदी तू पाय लांब कर," बाई मला म्हणाली आणि मी केल्यावरच आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी गेली. बाई मागच्या आवारात वालाच्या शेंगा तोडत होती. तिसऱ्या दिवशी तिचा नातू न्यायला आला, त्याला तिने जेवू घालून परत पाठवलं. त्या दुपारी मी आणि बाई सपरीत बसलो होतो. हे बराच वेळ दिसले नाहीत म्हणून मी मागे डोकावले. हे मांडवाजवळून पावलं मोजत भिंतीपर्यंत जात होते, तिथून वळून पुन्हा मोजत होते. ही चाल मी ओळखते. मी तोंड उघडायच्या आत बाई माझ्या पाठीमागून ओरडली.

"एक वीट जरी आनलीस ना, तं मी चालली एकोडीले!"

हे जागीच थांबले, चपला काढल्या आणि मुकाट्याने आत येऊन आमच्यात बसले.