शिमल्याचा अक्रोड

आमच्या मालकांना नोकरीतून फिरायला जायचं भाडं मिळणार होतं, नुसता अर्ज भरायचा होता. शिमल्याला चल म्हणून ते महिनाभर मागं लागले होते. देवाचं निमित्त नसताना दोघांनीच जायचं, लोक काय म्हणतील, म्हणून मी मान खाली घालून नको म्हणत होते.

त्याच उन्हाळ्यात मी वडवणीला माहेरी निघाले. परळीला एसटीत शेजारी एक म्हातारी बाई बसली. नऊवारी लुगडं आणि त्यावर पुरुषाचा लोकरी स्वेटर.

"कुठून आलात, मावशी?" पुढच्या बाकावरच्या बाईनं विचारलं.

"शिमल्याहून. वर हिमालयात हाय."

हिमालय ऐकताच ती बाई उठून मावशींच्या पाया पडली. मग मीही पडले. आमच्याकडं एवढ्या लांबून माणूस येतं ते देव करूनच.

"पडू नका गं," मावशी हसल्या. "म्या बर्फ बघाया गेलते. मूठभर घेऊन ह्यांच्या पाठीत घातला."

मागं बसलेले त्यांचे मालक खिडकीबाहेर बघू लागले.

"या वयात लाज न्हाई वाटली?" मी विचारलं.

"लाजाया वळखीचं माणूस लागतं, बाई. तितं कुनीच नव्हतं."

तरी सगळ्यांनी प्रसादाला हात पुढं केलेच. मावशींनी पिशवीतून एकेक अक्रोड दिला.

घरी परतल्यावर मी तो मालकांच्या हातावर ठेवला.

"कुठल्या देवाचा प्रसाद?"

"शिमल्याचा हाय," मी म्हणाले. "अर्जात दोघांची नावं लिहा."