मंजुळाबाईची हजरी

“आन् माजी हजरी?” मंजुळाबाईनं काठवट धुता धुता इचारलं.

“काकू, घरातलंच काम हाय की.”

“घर तुजं हाय. हात माजे हायेत.”

मल्लम्माला ते लागलं. शेजारची बाई, दहा वर्षांचं येणंजाणं, आन् पहिल्याच दिवशी मजुरी मागती.

अंबाजोगाईत दवाखान्याजवळ अजिनाथची खानावळ. रोज शंभर भाकरी लागतेत, आठ रुपयाला एक घेतो म्हणला. मल्लम्माचं डोकं पळायला लागलं. ज्वारी शेतातली, सरपण बांधावरचं, थापायला आपलेच हात. आठातले आठ घरात. खानावळीशेजारी गाळा घ्यायचा आन् डिपॉझिटसाठी दुभती म्हैस इकायची, हे तिनं मनात ठरवूनच टाकलं होतं. नवरा राजेश्वर एवढंच म्हणला, आधी पंधरा दिवस घरून करून बघ.

मंजुळाबाईशिवाय दहाच्या आत शंभर भाकरी उरकत नव्हत्या. म्हणून नाक मुरडत का होईना, मल्लम्मानं तिला दोनशे रुपये रोज कबूल केले. पण दुसऱ्या बाईची हजरी धरली तर स्वतःचीही धरणं आलं. भाकरी थापल्या नसत्या तर ती कुणाच्या तरी रानात खुरपायला गेलीच असती. मग राजेश्वरनं ज्वारी मोंढ्याच्या भावानं धरली, चाळीस रुपये किलो. दळण आलं, सरपण आलं. आठव्या दिवशी हिशोब निघाला: एक भाकरी साडेनऊ रुपयाला पडत होती. रोज शंभर भाकरी थापायच्या आन् वरून दीडशे रुपये घालायचे.

मल्लम्मानं खानावळ गाठून बारा रुपये मागितले. बाकीच्या बाया आठानंच देतेत, अजिनाथ म्हणला.

“त्या सोताची हजरी धरत नसतेल.”

घासाघीस लई झाली. शेवटी तो बारानं तयार झाला, पण साठच भाकरी घेतो म्हणला. साठ भाकरींत गाळ्याचं भाडं सुटत नव्हतं. गाळ्याचा बेत राहिला, म्हैस दावणीलाच राहिली. घरून मात्र धंदा बसला. काम कमी झालं तशी हजरीही एकेकीला भाकरीमागं दोन रुपये धरली; दोघींची हजरी जाऊन रोज दीडशे रुपये उरायला लागले.

एका सकाळी उंडा करता करता मल्लम्मा म्हणली, “काकू, तुमी फुकट राबला असता तर माजी म्हैस गेलती. लई उपकार झाले.”

मंजुळाबाईनं मान वर केली नाही. “बोलत बसू नको. तवा जळायलाय.”

मल्लम्मानं भाकर उलटली, तिला पाणी लावलं आन् पुढचा उंडा घेतला.