थुंका, गिळू नका

उजव्या हाताची तर्जनी वर, नजर डाव्या मनगटावरच्या घड्याळावर, आणि मिनिट भरताच एकच हुकूम : "थुंका! गिळू नका!" सरकारी रुग्णालयातील त्या दंतवैद्य बाईंना मी प्रथम पाहिले ते याच पवित्र्यात, हरसूलजवळच्या एका आश्रमशाळेच्या पटांगणात. नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. नाशिकच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी खेड्यापाड्यांत कायद्याची माहिती देत फिरत असे. त्या दिवशी माझे व्याख्यान तिथेच होते.

हुकूम स्पष्ट होता, अंमलबजावणी शून्य. बाई पळीने मुलांच्या तळहातावर काहीतरी ओतत होत्या आणि मुले ते भक्तिभावाने पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवत होती. टेबलावर एक पाकीट होते. त्यावर 'फ्लोराइड' आणि खाली ठळक अक्षरांत 'गिळू नये'.

आपल्यापैकी कोणाही जबाबदार नागरिकाने जे केले असते, तेच मी केले. त्याच आठवड्यात पाच कार्यालयांना नोंदणीकृत टपालाने तक्रार धाडली : 'अजाण बालकांस विषारी द्रव्य राजरोस पाजण्यात येत आहे.' पंधरा दिवसांत चौकशी लागली, कार्यक्रम स्थगित झाला आणि मला अत्यंत शांत झोप लागली.

त्यानंतरच्या रविवारी बाई माझ्या दारात उभ्या.

"काका, पत्र फार सुंदर लिहिता हो. एक काना-मात्रा चुकलेली नाही. फक्त ते पाणी होतं."

"म्हणजे?"

"साधं पाणी. औषधाच्या आधी मुलांना पाण्यानं चूळ धरून थुंकायला शिकवतो. सगळ्यांना जमलं की मगच औषध. ते पाकीट उघडलेलंसुद्धा नव्हतं."

"मग हे मला तिथेच का सांगितले नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही पाकिटावरचा मजकूर उतरवून घेत होतात."

आयुष्यभर न्यायालयात काढलेल्या माणसाने दुसऱ्या बाजूचे म्हणणे न ऐकताच निकाल दिला होता. संताप अनावर झाला आणि तो कोणावर काढावा हेही कळेना. तरीही मी विचारले, "पुरावा?"

"मंगळवारी जीपमध्ये एक जागा आहे," बाई म्हणाल्या.

मंगळवारी शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंनीच साक्ष दिली. "बाबा, पोरांना वाटलं तीर्थ हाय. आता तीर्थ कोन थुकतं?"

"चूक माझी," बाई हसून म्हणाल्या. "तळहातावर द्यायलाच नको होतं." त्यांनी पिशवीतून स्टीलचे पेले काढले, साधे पाणी भरले, बोट वर केले. मिनिटाने साऱ्या मुलांनी गटाराकडे अशा काही पिचकाऱ्या मारल्या की मला धोतर सावरून मागे सरावे लागले.

मग त्यांनी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीचा ओठ अलगद वर केला. "हा खडूसारखा डाग दिसतो? ही कीडच, पण खड्डा पडलेला नाही. इथवर फ्लोराइड तिला थोपवू शकतं. खड्डा पडला की फ्लोराइडनं तो भरून येत नाही. विहिरीचं पाणी तपासून घेतलंय मी, पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं तर हे दिलं नसतं. आता चौकशी किती महिने चालते, त्यावर हा दात."

त्या डागाने मला जे सुनावले, ते कोणत्याही न्यायाधीशाने कधी सुनावले नव्हते.

तक्रार मागे घेणे सोपे असते, असा आपला समज असेल तर तो दूर करावा. थांबवायला पंधरा दिवस घेणाऱ्या कार्यालयांनी पुन्हा सुरू करायला चार महिने घेतले. मी पत्रे, स्मरणपत्रे आणि स्मरणपत्रांची स्मरणपत्रे पाठवली. लेखनिकांसमोर ठाण मांडून बसलो. परवानगी दिवाळीच्या तोंडावर मिळाली. मुलीच्या दाताचा डाग तेवढाच राहिला होता. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची दाढ मात्र मधल्या काळात काढावी लागली. बाईंनी त्याबद्दल मला कधीही बोल लावला नाही. मी विचारले म्हणून सांगितले, इतकेच.

पुढे दहा वर्षे प्रत्येक नव्या शाळेत बाई मुख्याध्यापकांच्या हाती आधी माझ्या तक्रारीची प्रत देत. "हे वाचा. मग गावकऱ्यांना बोलवा, त्यांच्यादेखत आधी साधं पाणी. नाशिकला आमचे एक काका आहेत, त्यांना विचारायची सवय नाही."

एकदा माझेही तोंड त्यांनी तपासले. "पत्रं लिहिताना दातओठ खाता का हो? दात झिजलेत. आणि हिरड्या सरकल्यात, मुळं उघडी पडलीत." त्या मुळांवर त्यांनी ब्रशने फ्लोराइडचा लेप लावला आणि बजावले, "घासून झालं की नुसतं थुंकायचं. लगेच चूळ भरून पेस्ट धुऊन टाकायची नाही."

"हे कोणत्या नियमानुसार?"

"माझ्या."

निवृत्तीनंतर बाई आपल्या बहिणीकडे नागपूरला गेल्या. मी दर दिवाळीला सविस्तर पत्र लिहीत असे. उत्तर दोन ओळींचे येई, त्यातली एक दातांविषयी. एका दिवाळीला उत्तर बहिणीच्या अक्षरात आले.

रस्ते, नळजोडण्या, मालमत्ता कर यांविषयी माझा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे. स्वतःच्या दातांनी भाकरी खातो. सकाळी दात घासून थुंकतो. जन्माच्या सवयीने हात पाण्यासाठी नळाकडे जातो, आणि तोटीशी पोचण्याआधी थांबतो.