बनावट जीनमध्येही सिग्नल

“सेमिनारमध्ये मी अकरा जागा सांगून आलो, आणि आता तू म्हणते एकच? काय करून राहिली तू?” आमचे गाइड नागपूरचे. त्यांनी प्रिंटआउट टेबलावर आपटला.

जयपूरच्या विद्यापीठात माझं पीएच.डी.चं शेवटचं वर्ष होतं. बाबा आर्मीत हवालदार. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. थीसिसवर सरांची सही हवी होती.

डीएनएची तीन-तीन अक्षरं मिळून एक शब्द होतो, त्याला कोडॉन म्हणतात. प्रोटीन कसं बनवायचं ते हे शब्द सांगतात. जीन चालू-बंद करणारे सिग्नल वेगळे, तेही अक्षरांचेच. ते बहुतेक जीनच्या बाहेर असतात. सर म्हणायचे, आतही असतात. फोरट्रान या कंप्युटरच्या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम ते शोधायचा. त्याला अकरा सापडले.

मला शंका आली. एकाच अर्थाचे अनेक कोडॉन असतात. त्यांची अदलाबदल करून मी बनावट जीन तयार केले. प्रोटीन तेच राहतं, पण आत खरा सिग्नल असेल तर तो मोडतो. प्रोग्रामला बनावट जीनमध्येही तितकेच ठळक सिग्नल सापडले. अकरापैकी फक्त एका जागेइतका ठळक सिग्नल बनावट जीनमध्ये कुठेच नव्हता.

“बनावट जीन कोणी मागितले होते?”

“कोणी नाही, सर. मतलब... मलाच खात्री करायची होती.”

“परीक्षक विचारणार नाहीत.”

“पण मला माहीत आहे ना.”

“सही नाही मिळाली, तर बाबांना काय सांगशील?”

“तुम्ही दिली नाही, असं सांगेन.”

सर उठून गेले.

एकच जागा सांगणारं थीसिसचं ते प्रकरण तीनदा सहीविना परत आलं. एक ओळही न बदलता मी ते पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवलं. स्कॉलरशिप संपली, मी शिकवण्या धरल्या. चौथ्यांदा सर म्हणाले, “बनावट जीन मी बनवतो. बघू.”

त्यांनी स्वतः कागदावर कोडॉन बदलले. मी ते कंप्युटर सेंटरमध्ये प्रोग्रामवर चालवायला दिले. दुपारी प्रिंटआउट आला. सरांनी बनवलेल्या जीनमध्ये एकही सिग्नल असायला नको होता, तरी प्रोग्रामला दोन सापडले होते.

सरांनी प्रिंटआउट शेवटपर्यंत वाचला. मग पेन उघडलं. “एक तर एक. पण तू लय हट्टी आहे.”

“हो, सर.”

प्रोग्रामला काही सापडलं, म्हणून ते तिथे असतंच असं नाही. जिथे काहीच नाही, तिथे तो काय शोधून आणतो ते आधी बघावं. हे पाहण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. वर्षाचं वाईट वाटतं. प्रकरणाचं नाही.