कॉर्नेट देऊन घेतलेला ट्यूबा

सायकलवरून तोंडावर पडलो आणि समोरचे दोन दात गेले. दुसऱ्या कुणाचे गेले असते तर मीही हसलो असतो. पण मी लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे गाण्याची चाल धरणारी छोटी पितळी तुतारी, वाजवायचो, आणि पुढचे दात नसले की कॉर्नेटच्या एवढ्याशा तोंडाला ओठ नीट टेकत नाहीत, नुसती हवा निसटते. बँडच्या मास्तरांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली, मग सरळ सांगितलं, "ट्यूबा मिळत असन तं पाह्य. त्याचं तोंड मोठं रायते, ओठांवर निभते. नाही तं मागावर बस गा, बापाजवळ."

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. घरी हातमाग होता, आणि त्यावर बसायचं नव्हतं म्हणून तर मी त्याआधी सहा वर्षं बँडमध्ये शिरलो होतो.

कामठीच्या एका भंगारवाल्याकडे जुना ट्यूबा सापडला, खालचे जाड सूर देणारं अंगाएवढं पितळी वाद्य. कॉर्नेट देऊन तो घेतला. परतीचा रस्ता आपणच बंद केला, हे तेव्हा डोक्यात आलं नाही; वजनाचीच काळजी जास्त होती. रिक्षात ट्यूबा ऐसपैस बसला, मी एक पाय बाहेर सोडून बसलो.

त्याच्यावर कोरलेली इंग्रजी अक्षरं झिजून गेली होती. एका बाजूला पोचा होता, त्याची कड नेमकी माझ्या बरगडीत रुतायची. आधीच्या मालकाची अंगकाठी वेगळी असावी. पहिल्या दिवशी फुंकून फुंकून घेरी आली, आवाज काही आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, तो असा की मांडणीवरची भांडी थरथरली आणि शेजारच्या काकूंनी कुंपणावरून आईला विचारलं, "काय वं, म्हैस आणली का घरी?" कॉर्नेटसाठी ओठ आवळावे लागतात, इथे सैल सोडावे लागत. घाई केली की हा गप्प बसायचा, आणि मी जन्माचा घायकुता. आठवडाभर आमचं पटलं नाही. पण गेलेल्या दातांपाशी तो एकदाही अडला नाही, म्हणून मीही त्याचं सहन केलं.

सूर बदलायला त्याला तीन व्हॉल्व्ह होते. बोटांनी दाबले की ते खाली जायचे, पण वर येताना कुरकुरायचे. एका दुपारी बाबा माग थांबवून उठले आणि वाटीत जवसाचं तेल घेऊन आले. बँडबद्दल सहा वर्षांत ते चांगलं-वाईट काही बोलले नव्हते. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी धोट्याला ते वर्षानुवर्षं हेच तेल चोळत आले होते. "लाव गा हे. आपला धोटा पाह्य, कसा पळते!" म्हणत त्यांनी स्वतःच चिंधीने तिन्ही व्हॉल्व्हना तेल लावलं. मला फार बरं वाटलं. इतकं, की विचारायचं सुचलंच नाही.

दोन दिवस व्हॉल्व्ह मस्त चालले. तिसऱ्या दिवशी जड झाले, पाचव्या दिवशी तिन्ही गच्च बसले. जवसाचं तेल लाकडात मुरतं, वाळतं आणि लाकडाला चकाकी देतं. पितळेत मुरायला जागा नसते. तिथे ते वाळून डिंकासारखं चिकटलं. खापा गावचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, आणि मास्तर तिथेच माझा निकाल लावणार होते. बाबांवर राग आला, तो गिळला. त्यांना सांगितलं, धूळ बसली, साफ करून राहिलो. रॉकेलमध्ये बुडवून, चोळून दोन व्हॉल्व्ह सुटले. तिसरा हलला नाही. मग कोणत्या गाण्यात कोणता सूर मला मिळणार नाही ते पाठ केलं आणि तिथे शेजारचा सूर लावायचं ठरवलं.

खाप्याला गोरज मुहूर्त होता, वरात उन्हातच निघाली. कॉर्नेट वाजवायचो तेव्हा नाचणारी पोरं माझ्या तोंडाशी येऊन फर्माईश करायची. आता मी शेवटच्या रांगेत, चालीखाली जाड सुरांचा ठेका धरत, समोर नुसत्या पाठी. कुणी ढुंकून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर अपमान वाटला.

तिसऱ्या गाण्यात तो न मिळणारा सूर आला. शेजारचा लावायचं ऐन वेळी विसरलो, गडबडलो, आणि पुढचे चार-पाच सूरही सुटले. समोर कॉर्नेट चालू होता, ढोल चालू होता. तरी नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. दोघे तर हात वर धरूनच उभे राहिले. एकाने ढोलवाल्याला दरडावलं, "काहून थांबला गा?" बिचारा ढोलवाला घाम गाळत बडवतच होता. मास्तरांनी मागे न वळता माझ्या दिशेने मूठ हलवली. मी फुंक मारली, पोरं पुन्हा नाचू लागली.

काय बंद पडलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सहा वर्षं पुढच्या रांगेत वाजवलं, पण माझ्यावाचून कुणाचं अडतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.