कांद्याची भावकी

आमच्या घरी कित्येक दिवस भाकरीबरोबर नुसता कांदा असायचा, भाजी परवडत नसे. कॉलेजात कळलं की हा कांदा लिलीच्या कुळातला. आमच्या राधानगरीच्या एसटीतल्या कंडक्टरला मी हे सांगितलं, तर तो अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हंजे ताई, तुम्ही फुलं खाऊनच वाढलासा की."

तेव्हापासून तो रोज कांद्याची भावकी विचारायचा. लसूण, कोरफड, शतावरी त्याला पाठ झाली. "कोरफड माळाला, शतावरी जंगलात. आमचंबी तसंच हाय. एक भाऊ गडहिंग्लजला, मी हितं."

परीक्षेसाठी जमा करायच्या वनस्पतींत माझी कळलावी तेवढी राहिली होती, आणि मुदत संपत आली होती. एकदा भर पावसात त्याला एका कुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं दिसली. त्यानं लगेच घंटी मारून गाडी थांबवली. लोक कुरकुरले. "दम धरा की पावणं, कांद्याची बहीण हाय," तो म्हणाला आणि छत्री घेऊन माझ्यामागं उतरला. मी कंद उकरून काढेपर्यंत त्यानं छत्री धरली, ती फुलांवर. मी चिंब भिजले.

त्या वर्षी मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.