घरच्याची वाटी

केजच्या बाजारात फळे विकणाऱ्या चाँदबीचा पुत्र फराज पुण्यात रविराजसह संसार मांडून आहे. लोकापवादाच्या भयाने ती ईदला फराजला एकट्यालाच बोलावी. यंदा आमदार विठ्ठलरावांनी समलिंगी जोडप्यांना समान हक्क देणाऱ्या विधेयकाचे विधानसभेत निःसंकोच समर्थन केले, आणि त्या मातेने धीर करून दोघांनाही बोलावले.

ईदला विठ्ठलराव नित्याप्रमाणे शिरखुर्म्यासाठी आले. शेजाऱ्यांनी घर भरले होते. आधी पाहुणे, मागून घरचे, हा तेथील आतिथ्यधर्म. रविराजच्या हाती वाटी नाही हे पाहून विठ्ठलराव म्हणाले, "चाँदबी, या पाहुण्याला काहून ताटकळत ठेवलं?"

साऱ्यांनी कान टवकारले. चाँदबीने स्वर किंचितही खाली आणला नाही.

"पाहुणे तुमी, साहेब. त्यो घरचा हाय, आमच्यासंगं खाईल."

विठ्ठलराव प्रसन्न हसले. पाहुणे गेल्यावर तिने तिघांच्या वाट्या भरल्या.